जुना तांदूळ : एकाच घरचा, एकाच सालचा, तरी पोत्यापोत्यास निराळा का?

दरसाल लग्नसराईच्या सुमारास आपल्या मंडळाच्या बैठकीत एक तक्रार हटकून निघते. कोणी सांगतो, वर्षभर जपून ठेविलेल्या तांदळाचे पहिले पोते उघडले तेव्हा भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा सुटा झाला. त्याच थप्पीतील दुसरे पोते उघडले तो भाताचा नुसता गोळा. कोणास कुबट वास येतो, कोणास पोत्याच्या तळाशी सोंडे सापडतात. शेत तेच, बियाणे तेच, साल तेच, गिरणीही तीच. मग हा भेद कोठून उत्पन्न झाला? कित्येक जण याचा दोष बियाण्यास देतात, कित्येक गिरणीवाल्यास आणि कित्येक आपल्या नशिबास. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा उलगडा यथाशक्ति करण्याचे योजिले आहे.

आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची धानाची रीत एकच आहे. ज्याच्या घरी जुना तांदूळ, त्याचे घर भरलेले, अशी आपली समजूत. जुन्या तांदळास बाजारात दोन पैसे अधिक मिळतात, आणि पाहुण्याच्या पानात तो वाढण्यात यजमानास भूषण वाटते. म्हणून हा विषय पोटाचा आहे तितकाच पतीचाही आहे.

एक अनुभव

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचे लग्न झाले. थोरल्या बंधूंना मी शब्द दिला होता की पंगतीचा भात घरच्या जुन्या तांदळाचाच होईल. घरच्या बांध्यांतील एच.एम.टी. वाणाचा धान आदल्या कार्तिकात कापला होता. वैशाखात तो गिरणीवर भरडून आणला, सहा पोती तांदूळ झाला, आणि माजघराशेजारच्या खोलीत त्याची थप्पी लाविली. मध्ये एक पावसाळा गेला. लग्न पुढील फाल्गुनात झाले, तेव्हा धान कापल्यापासून सोळा महिने लोटले होते.

पहाटे आचाऱ्याने पहिले पोते उघडले. भात उत्तम उतरला. दुसरे व तिसरे पोते तसेच निघाले. चौथ्या पोत्याचा गंज चुलीवरून उतरविला तेव्हा त्यात शीत म्हणून दिसेना. सर्व लापशी झाली होती. पाण्याचा अंदाज चुकला असेल म्हणून कमी पाणी घालून पुन्हा लाविला, तरी तोच प्रकार. पाचवे पोते पुन्हा चांगले निघाले, आणि सहाव्याचे तोंड सोडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला. ऐनवेळी दुकानातून तांदूळ आणून वेळ निभावून नेली. बंधू मजवर रागावले नाहीत. पंगती उठल्यावर जवळ येऊन त्यांनी हळूच एवढेच विचारले, "तांदूळ सगळा आपलाच होता ना रे?" हा प्रश्न मला अद्यापि बोचतो. ज्या तांदळाची मी हमी घेतली होती, त्याविषयी घरच्याच माणसाच्या मनात किंतु आला, आणि मजपाशी उत्तर नव्हते.

महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसास एक खोड असते. गोष्ट बिघडली की तिची चौकशी लाविल्याखेरीज त्यास चैन पडत नाही. लग्नघर निवल्यावर मी सहाही पोत्यांचा माग काढिला. चौथ्या पोत्याचा धान खालच्या बांधीतला होता. कापणीनंतर कडपा पसरलेल्या असता दोन दिवस अवकाळी पाऊस लागला होता आणि काही लोंब्यांना मोड फुटले होते. तो धान वेगळा वाळविला, वेगळा भरला. पण गिरणीवर मात्र सर्वांबरोबर एका रांगेत भरडला गेला. सहावे पोते पश्चिमेच्या भिंतीस टेकून होते, आणि त्या भिंतीवर सबंध पावसाळा झड बसते. या दोन्ही गोष्टी मला त्या त्या वेळी ठाऊक होत्या. परंतु कोणत्या पोत्यात काय गेले, याची चिठ्ठी एकाही पोत्यावर नव्हती. हजारो खातेदारांच्या सातबाऱ्यावरील नोंदी ज्याच्या हातून झाल्या, त्याच्या घरी सहा पोत्यांची नोंद नव्हती!

या चौकशीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन पोती बिघडली, परंतु दोहोंचा दोष एक नव्हता. एकाचा दोष शेतातून आला, दुसऱ्याचा खोलीतून. म्हणून 'तांदूळ जुना होताना बिघडला' असे मोघम म्हणून चालत नाही.

तांदूळ जुना होतो म्हणजे काय होते?

नव्या तांदळाचा भात ओलसर व चिकट होतो, आणि पेजेत पिठूळ अंश पुष्कळ उतरतो. तोच तांदूळ तीन-चार महिने राहिला की त्याचा गुण पालटू लागतो. तो पाणी अधिक घेतो, शीत फुगते, सुटे राहते, आणि पेज पातळ निघते. एका भांड्यास दीड भांडे पाणी घेणारा तांदूळ वर्षानंतर दोन भांडी पाणी मागतो, हा आपल्या घरच्या बायकांचा नित्याचा अनुभव आहे. आयुर्वेदातही नवे धान्य पचावयास जड व वर्ष लोटलेले धान्य हलके मानिले आहे.

हा पालट कसा घडतो ते थोडक्यात असे. पॉलिश केलेल्या तांदळाच्या दाण्यात मुख्य भाग पिष्टाचा. शंभर भागांत सुमारे सात-आठ भाग प्रथिने, आणि एका भागाहूनही कमी स्निग्धांश. साठवणुकीत पिष्टाचे प्रमाण फारसे बदलत नाही. बदल होतो तो या थोड्या पदार्थांत. हवेतील प्राणवायूच्या योगाने प्रथिनांचे कण एकमेकांस घट्ट जखडले जातात व पिष्टाच्या कणांभोवती जणू जाळे विणितात. दाण्यातील पेशींच्या भिंती अधिक कणखर होतात. स्निग्धांशाचे विघटन होऊन जी आम्ले सुटतात, त्यांतील काही पिष्टाशी संयोग पावतात. या सर्वांमुळे दाणा शिजताना फुटत नाही, त्यातील चीक बाहेर पडत नाही, आणि शीत आपला आकार राखून फुगते. यालाच आपण 'तांदूळ जुना झाला' असे म्हणतो.

परंतु येथेच मेख आहे. ज्या स्निग्धांशाच्या विघटनाने तांदूळ सुधारतो, तेच विघटन अधिक झाले की तेल खवट व्हावे तसा दाणा खवट होतो आणि त्यास जुनाट वास येऊ लागतो. म्हणजे सुधारणे व बिघडणे ही एकाच वाटेवरची दोन गावे आहेत. त्या वाटेवर तांदूळ किती वेगाने चालेल, हे मुख्यत्वे उष्णता व ओल या दोहोंवर अवलंबून असते. शीतगृहात चार अंश तपमानावर ठेविलेला तांदूळ महिनोन्महिने जवळजवळ नवाच राहतो. उलट आपल्याकडे ज्येष्ठात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा टिनाच्या छपराखालच्या थप्पीतील वरचे पोते आणि तळाचे पोते यांचे वय पंचांगाप्रमाणे एक असले तरी तांदळाच्या हिशेबाने एक राहत नाही.

व्यापारात याच गुणाचा उपयोग करून नव्या तांदळास वाफ वा उष्णता देऊन त्यास जुन्यासारखे वागावयास लावितात. तेव्हा पोत्यावरील 'जुना' हा शब्द वर्षांची साक्ष देतोच असे नाही. तसेच जुनेपणा हा सर्वांनाच इष्ट आहे असेही नाही. जपानात चिकट भाताची आवड आहे. तेथे नव्या हंगामाच्या तांदळाची अपूर्वाई असते, आणि जुना तांदूळ कमी प्रतीचा समजला जातो. सारांश, जुनेपणा हा गुण नव्हे. तो एक फेरफार आहे. तो मंजूर करावयाचा की नाही हे खाणाऱ्याच्या आवडीवर आहे.

पोत्यापोत्यांत भेद कोठे उत्पन्न होतो?

पहिले ठिकाण शेत व खळे. एकाच शेतकऱ्याच्या वरच्या व खालच्या बांधीतील धान एका दिवशी पिकत नाही. वरची बांधी लवकर सुकते, खालचीत पाणी रेंगाळते. सर्व धान एका दिवशी कापला तर त्यात काही दाणे पूर्ण भरलेले, काही हिरवट, काही पोटात खडूसारखे पांढरे असे येतात. पुढे कडपा शेतात पसरतात तेव्हा दिवसा कडक ऊन व रात्री दव यांचा मारा चालतो. सुकलेल्या दाण्याने पुन्हा ओल घेतली की त्यास आतून बारीक भेग पडते. ती डोळ्यांस दिसत नाही, पण गिरणीत तोच दाणा मोडतो. आणि पावसात भिजून मोड फुटलेल्या दाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे रस जागे होतात. असा दाणा कितीही वर्षे ठेविला तरी शिजताना पाघळतो. माझ्या चौथ्या पोत्याचे रहस्य हेच. त्यास काळाने बिघडविले नाही. त्यात काळाने सुधारण्याजोगे काही शिल्लकच नव्हते.

दुसरे ठिकाण ओल. आधारभूत खरेदी केंद्रावर शंभरात सतरा टक्क्यांपर्यंत ओल असलेला धान घेतला जातो. पुष्कळ शेतकरी तेच माप घरच्या साठवणुकीसही लावितात, आणि येथे फसतात. केंद्रावर गेलेला धान पुढे भरडाईस जावयाचा असतो. घरच्या धानास पावसाळा काढावयाचा असतो. काही महिने टिकावयाचा तर ओल चौदाहून अधिक नको, आणि वर्षभर वा अधिक ठेवावयाचा तर बारा-तेरावर आणिली पाहिजे. याचा हिशेबही ध्यानात ठेवावा. सतरा टक्के ओलीचा शंभर किलो धान तेरा टक्क्यांवर आणिला की तो सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरतो. उरलेले साडेचार किलो पाणीच असते. जो जुना तांदूळ विकण्याच्या आशेने धान राखतो, त्याने वाढीव भावातून ही घट आधी वजा करावी.

तिसरे ठिकाण गिरणी. दाण्यावर तूस आहे तोवर तो अंगरख्यात असतो. तूस व कोंडा काढिला की तेलाचा अंश उघडा पडतो आणि खवट होण्यास आरंभ होतो. पॉलिश कमी झालेला तांदूळ खावयास पौष्टिक, पण टिकावयास कच्चा. कारण त्यावर कोंड्याचा थर शिल्लक असतो. भरडाई सुरू होताना यंत्र जुळेपर्यंत निघालेला तांदूळ व मागाहून निघालेला तांदूळ यांत पॉलिशचा व कणीचा फरक पडतो. पहिले पोते व शेवटचे पोते म्हणूनच जुळी भावंडे नसतात. शिवाय यंत्रातून तांदूळ गरम बाहेर येतो. तो तसाच पोत्यात भरून तोंड शिवले तर आत घाम धरतो.

चौथे ठिकाण खोली. जमिनीवर ठेविलेल्या पोत्यास खालून ओल चढते, भिंतीस टेकलेल्यास बाजूने. थप्पीच्या पोटात ऊब धरते, तेथील वाफ वर जाऊन थंड थरात बसते. म्हणून कित्येकदा मधला तांदूळ ठणठणीत व वरचा चार बोटे थर बुरसटलेला, असा चमत्कार दृष्टीस पडतो. बांबूची शेणामातीने लिंपलेली कणगी असो की पत्र्याची कोठी असो, हा नियम सर्वांस सारखाच लागू आहे. पत्र्याच्या कोठीत बाहेरची ओल शिरत नाही हे खरे. पण आत कोंडलेली ओलही बाहेर जात नाही.

पाचवे ठिकाण कीड. सोंड्याची मादी दाण्यास भोक पाडून आत अंडे घालते व वरून तोंड बंद करिते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबेच्या दिवसांत अंड्यापासून किडा होण्यास सुमारे महिना लागतो, आणि एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेहून अधिक अंडी घालू शकते. अर्थात पोते भरताना जो तांदूळ स्वच्छ दिसला, त्यात कीड नव्हतीच असे म्हणता येत नाही. एका पोत्यात दोन-चार माद्या शिरल्या व शेजारच्यात शिरल्या नाहीत, एवढ्यावर वर्षाअखेर दोन पोत्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. किडीच्या श्वासानेही ऊब व ओल वाढते, आणि बुरशीस आमंत्रण मिळते.

परदेशातील एक दाखला

एकाच साठ्यातील मालाचा हा भेद केवळ तांदळापुरता नाही. जगात या प्रश्नाचा सर्वांत अधिक काथ्याकूट ज्यांनी केला, ते द्राक्षाच्या मद्याचे व्यापारी व शौकीन होत. येथे मद्यपानाची शिफारस करण्याचा लेखकाचा हेतू नाही. केवळ साठवणुकीचा दाखला म्हणून ही हकीकत देतो.

फ्रान्स देशाच्या नैऋत्येस बोर्दो नावाचा प्रांत आहे. काबर्ने सोव्हिन्यों व मर्लो या काळ्या द्राक्षांपासून तेथे जी लाल वाइन करितात, ती वीस-वीस, तीस-तीस वर्षे बाटलीत ठेवितात. सन १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील मळ्यांची जी प्रतवारी झाली, ती आजही बहुतांशी तशीच मानिली जाते. ताजेपणी ही वाइन तोंड आवळून टाकणारी तुरट असते; वर्षे लोटली की तुरटपणा निवतो व निराळाच सुगंध उत्पन्न होतो. मुलाच्या जन्मसालची बाटली विकत घेऊन ती तो मोठा झाल्यावर उघडावयाची, अशीही हौस तेथे आहे. आणि कैक वेळा अशी जपलेली बाटली भर मेजवानीत उघडली असता आत आंबट, फिकट, निर्जीव पाणी निघते. त्याच पेटीतील दुसरी बाटली मात्र उत्कृष्ट असते.

कारणे पाहिली तर ती आपल्या कारणांची सख्खी भावंडे वाटतात. पूर्वी पुष्कळ मळेवाले आपली वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांस विकीत, आणि व्यापारी ती आपापल्या सोयीने बाटल्यांत भरीत. निरनिराळी पिंपे, निरनिराळे दिवस, निरनिराळे हात. मग नाव एक असले तरी माल एक कसा राहणार? म्हणून सन १९२४ मध्ये मूतों मळ्याच्या फिलिप द रॉथशील्ड यांनी आपली सर्व वाइन मळ्यावरच बाटलीत भरण्याची रीत घातली. दुसरे कारण बुचाचे. बूच ओकच्या एका जातीच्या सालीपासून होते, आणि कोणतीही दोन बुचे सारखी नसतात. एकातून हवा किंचित् अधिक शिरते, वाइनची पातळी गळ्यातून खाली उतरते, आणि ती बाटली आपल्या सोबतिणींच्या आधी म्हातारी होते. काही बुचांत बुरशीच्या क्रियेने एक द्रव्य तयार होते व वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हे द्रव्य सन १९८२ मध्ये ओळखले गेले. तिसरे कारण जागेचे. बारा-तेरा अंशांच्या स्थिर गारव्यात, तळघरात राहिलेली बाटली आणि उन्हाळे सोसत घरोघर फिरलेली बाटली, या दोहोंचे साल एक असते पण आयुष्य एक नसते. म्हणून त्या व्यवसायातील जाणते लोक जुन्या वाइनची किंमत ठरविताना सालाबरोबर ती बाटली इतकी वर्षे कोठे व कशी राहिली याचीही कैफियत मागतात.

तथापि त्यांच्यात व आपल्यात एक मोठा फरक आहे. बाटलीचे बूच काढिल्याखेरीज आतले कळत नाही, आणि बूच काढिले की बाटली संपली. त्यांची निराशा पुष्कळशी अटळ आहे. आपल्या पोत्यात मात्र परखी घालून मूठभर तांदूळ केव्हाही काढता येतो, शिजवून पाहता येतो, आणि पोते पुन्हा जसेच्या तसे राहते. सबब ऐन पंगतीत झालेल्या फजितीस आपल्याला त्यांच्याइतकी सबब नाही.

सुवासिक वाणांविषयी दोन शब्द

आपल्या भागातील चिन्नोरचे नाव सर्वश्रुत आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरास सन २०२१ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. अशा सुवासिक तांदळाच्या बाबतीत जुनेपणाचा मोह विशेष आवरला पाहिजे. त्याचा सुवास एका उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो, आणि साठवणुकीत तो महिन्यामहिन्याने उणा होत जातो. म्हणजे इकडे भात सुटा होत जातो, आणि तिकडे सुवास जात राहतो. दोन्ही गुण एकाच वेळी पूर्ण मिळावयाचे नाहीत. दोन वर्षांचा चिन्नोर उघडून 'पूर्वीसारखा घमघमाट राहिला नाही' अशी तक्रार करणाऱ्याने बियाण्यास बोल लावू नये. चिन्नोर धानाच्याच रूपात ठेवावा, लागेल तसा भरडावा, आणि पुढील दिवाळीपूर्वी संपवावा, हे माझ्या अनुभवास उत्तम आले आहे.

एच.एम.टी. सारख्या बारीक पण विशेष सुवास नसलेल्या वाणाची गोष्ट वेगळी. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी सन १९८३ पासून 'पटेल ३' या वाणातील वेगळ्या लोंब्या निवडीत निवडीत सिद्ध केला. त्याची सर्व मातब्बरी सुट्या, मऊ भातात आहे. त्यास वर्षभराचे वय मानवते. ज्या माणसाने शेतातल्या चार निराळ्या लोंब्या ओळखून त्या निराळ्या ठेविल्या, त्याच्या हातून हा तांदूळ आपल्याला मिळाला. तो आपण सरमिसळ करून पोत्यांत कोंबावा, हे बरे नव्हे.

उपाय

१. भिजलेला, मोड फुटलेला, लोळलेला धान आरंभापासून अखेरपर्यंत वेगळा ठेवावा. तो आधी खावा वा विकावा. जुना करण्याकरिता राखू नये.

२. धान पातळ पसरून, वरचेवर हात फिरवून वाळवावा. दुपारच्या कडक उन्हात उघडा टाकून एका दिवसात उरकण्याची घाई करू नये, आणि रात्री दवात ठेवू नये. पॉलिश केलेला तांदूळ तर कडक उन्हात घालूच नये, तो तडकतो.

३. ओल पाहण्याचे यंत्र जवळ नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ व धान घालून चांगले हलवावे व काही मिनिटे ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर धान अजून ओला आहे असे समजावे.

४. शक्य तोवर साठवण धानाचीच करावी, तांदळाची नव्हे. तांदूळ करणे भाग पडले तर तो पुरता निवल्यावर भरावा, आणि कणी चाळून काढावी.

५. पोती लाकडी फळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून हात-दीड हात दूर. पावसाची झड बसणाऱ्या भिंतीकडे तर एकही पोते ठेवू नये. जुन्या पोत्यांत नवा माल भरण्यापूर्वी ती उलटी करून, झटकून, उन्हात तापवावी. हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या आता मिळतात. त्यांत आतील प्राणवायू संपून कीड गुदमरते. मात्र त्यांत भरावयाचा माल आधी पूर्ण वाळलेला हवा.

६. किडीच्या भयाने राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाचाही प्राण घेतो. बोरिक पूडही खाण्याच्या तांदळात मिसळू नये.

७. प्रत्येक पोत्यास चिठ्ठी शिवावी. तीवर बांधीचे नाव, कापणीची तिथी, भिजला की नाही, भरडाईची तिथी, आणि भरडताना ते कितवे पोते होते, इतके लिहावे. दोन ओळींचे हे काम आहे.

८. वापरण्यापूर्वी पंधरा दिवस प्रत्येक पोत्यातून परखीने वर, मध्ये व तळाशी असा नमुना काढावा. सर्व नमुने सारख्या वजनाने, सारख्या पाण्यात, एकाच जातीच्या भांड्यात शिजवून पाहावे, आणि निकाल चिठ्ठीवर लिहावा. पहिले पोते चांगले निघाले यावरून दुसऱ्याविषयी अनुमान करू नये. विकतानाही हेच करावे. दहा पोत्यांतील एक वाईट पोते ग्राहकाच्या घरी गेले तर उरलेल्या नऊ पोत्यांची पत तेच घालविते.

बिघडलेल्या पोत्याचे काय करावे, असाही प्रश्न येतो. केवळ चिकट होणारा, पण वासाने शुद्ध असा तांदूळ पिठास, खिरीस वा घावनास चालतो. नुसत्या जुनाट वासाचा तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला असता पुष्कळदा सुधारतो. परंतु बुरशी धरलेला, कुबट, रंग पालटलेला तांदूळ धुऊन वा शिजवून निर्दोष होत नाही. बुरशीची काही विषे उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीत. असा तांदूळ माणसांनी खाऊ नये, आणि गुरांनाही घालू नये. वर्षभर राखलेला माल टाकताना जीव तुटतो हे खरे, तरी तो टाकावाच.

उपसंहार

निराशेचे मूळ पुष्कळदा मालापेक्षा आपल्या समजुतीत असते. 'सोळा महिने ठेविला, म्हणजे उत्तम झालाच पाहिजे' असे आपण धरून चालतो. काळ हा कोणाचा नोकर नव्हे. तो चांगल्या दाण्यास चांगला पालट देतो, ओल्या दाण्यास कुजवितो, आणि मोड फुटलेल्या दाण्याचे काहीच करू शकत नाही. पोत्यात आपण जे भरतो व जेथे ते ठेवितो, त्याचाच जबाब काळ वर्षाअखेर आपल्यापुढे मांडतो.

गेल्या वर्षी मी थोरल्या बंधूंकडे दोन पोती एच.एम.टी. पाठविली. दोहोंवर चिठ्ठ्या होत्या. एका चिठ्ठीवर 'वरची बांधी; कोरडा; भात सुटा' असे होते. दुसरीवर 'खालची बांधी; किंचित् चिकट; आधी संपवावे' असे स्पष्ट लिहिले होते. त्यांचा निरोप आला की दोन्ही पोती चिठ्ठीबरहुकूम निघाली. या खेपेस तांदूळ आपलाच का, असे त्यांनी विचारले नाही.